जागा क्रमांक अकरा

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयात
गाड्या एकशे सात, जागा एकतीस.
हे गणित एकोणीस वर्षं माझ्याच टेबलावर आहे,
आस्थापना तीन, पंख्याखाली,
उडू नये म्हणून वर पेपरवेट.

दर एप्रिलला मी परिपत्रक काढतो.
वर्ग एकला छपराखाली किंवा झाडाखाली,
वर्ग दोनला भिंतीलगत,
वर्ग तीनला उपलब्धतेनुसार,
आणि उपलब्धता नसते.
वर्ग चारबद्दल परिपत्रकात अवाक्षर नाही.
शालिक ठवकरची सायकल
पंपघराच्या मागे, कुणी कुणाला न दिलेल्या जागेत
निवांत उभी असते.

अर्ज येतात. मी सगळे वाचतो.
कुणी लिहितं, गाडी नवी आहे, हप्ते चालू आहेत.
कुणी गुडघ्याचा एक्स-रे जोडतं.
हटवार मॅडमनी ज्येष्ठता यादी जोडली,
आपलं नाव लाल शाईनं अधोरेखित करून:
निखाड्यांपेक्षा सात दिवसांनी वरिष्ठ.
लघुलेखक वनमाला उईकेची स्कूटर तीनचाकी.
तिला नियमातच जागा आहे, रॅम्पला लागून.
तिथे जनरेटर ठेवलाय.
मी टिपणी लिहिली. दोनदा.
नस्ती वर गेली, ‘चर्चा करावी’ एवढं घेऊन खाली आली.
चर्चा कुणी केली नाही.
जनरेटरही कधी सुरू झाला नाही.

खरं तर जागा कुणालाच नको असते.
मे महिन्यात नागपुरात माणूस सावली मागतो.
पारा सेहेचाळीसवर असताना
संध्याकाळी पाचला स्टेअरिंगला हात लावून बघा,
मग कळेल अकरा नंबरसाठी एवढी ओढाताण का.
अकराच्या डोक्यावर कडुलिंब आहे.

लांजेवार साहेबांनी ती मागून घेतली होती.
उपसंचालक, पांढरी गाडी, सीटवर टर्किश टॉवेल.
सकाळी दहाला सावली बरोबर त्यांच्या बॉनेटवर.
पण कडुलिंबाला परिपत्रकाची प्रत
पाठवायची राहून गेली.
दुपार कलली की सावली बुंध्याच्या पल्याड,
आणि तीन वाजता शालिकच्या सायकलीवर.
"काहून बे ठवकर, माझी सावली पळवतं का?"
"मी नाई जी, ते आपोआपच येते."

डिसेंबरात अधिवेशन येतं.
माझा तक्ता मग भिंतीवर नुसता टांगलेला.
आवारात ताफे, वायरलेस, अनोळखी ड्रायव्हर,
आणि आम्ही सगळे, वर्गवारीसकट,
दूरच्या मैदानात गाड्या लावून चालत येतो.
हटवार मॅडम आणि निखाडे
एकाच पुडीतल्या शेंगा खातात तेव्हा.
वनमाला तेवढे दिवस रजा टाकते.
कारण: खासगी.

लांजेवार साहेब निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली.
या मेमध्ये आले, थकबाकीच्या कागदासाठी,
स्कूटरवर, कानाला दुपट्टा बांधून.
सवयीनं अकराकडे वळले.
तिथे दुसरी पांढरी गाडी, दुसरा टॉवेल.
नवा गार्ड म्हणाला, आजोबा, मागं लावा.
मी खिडकीतून पाहत होतो.
खाली जाऊन सांगायला हवं होतं, हे आपले साहेब.
गेलो नाही.

तीनच्या सुमारास त्यांना सोडायला पंपघरामागे गेलो.
स्कूटरच्या सीटवर कडुलिंबाची बारकी पिवळी पानं.
त्यांनी तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच राहिले.
"गार आहे हो," म्हणाले.
शालिक सायकलीचं कुलूप काढत होता,
त्यानं फक्त स्टँड जरा बाजूला घेतलं.

वर आलो. टेबलावर निखाड्यांचा नवा अर्ज:
पंपघरामागे एक गाडी सहज मावते,
त्या जागेला बत्तीस क्रमांक द्यावा, कृपया.
मी तो वाचला, फायलीला लावला,
तक्ता एकतीसवरच ठेवला.
मग एक कोरा कागद ओढला.
विषय: जनरेटर हलवण्याबाबत.
संदर्भ: यापूर्वीच्या दोन टिपण्या.